विषय तोच, सूर वेगळा : हिरोशिमावरच्या मांगांकडे संशोधक म्हणून कसं बघायचं

एक प्रश्न घेऊ. एखादी गोष्ट वाचताना आपल्याला कसंतरी होतं, पुस्तक मिटून टाकावंसं वाटतं. हे तिच्यात काय सांगितलंय त्यामुळे होतं, की ते कसं सांगितलंय त्यामुळे?

"दोन्हीमुळे" हे उत्तर बरोबर आहे, पण संशोधनात त्याचा फारसा उपयोग नाही. कशामुळे किती, आणि कोणाला, हे त्यातून कळत नाही. विज्ञान शाखेतून आलेल्यांना (मीही त्यातलाच) अशा वेळी एक सवय असते. दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या असतील तर एक स्थिर ठेवायची, दुसरी बदलायची आणि काय होतं ते बघायचं. साहित्याच्या इतिहासात प्रयोगशाळा नसते. तरी कधी कधी इतिहासच अशी रचना आपल्यापुढे आणून ठेवतो, की विषय एकच, माध्यम एकच, आणि सांगण्याचा सूर मात्र दर वेळी निराळा.

आज असंच एक उदाहरण बघू. माध्यम मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. विषय हिरोशिमाचा अणुबॉम्ब. १९६८, १९७३ आणि २००३ या तीन वर्षांत सुरू झालेल्या तीन कथा आपण शेजारी शेजारी ठेवू. त्यानंतर २०१२ आणि २०२३ मध्ये त्यांतल्या एका कथेवर मोठ्या माणसांनी घेतलेले आक्षेप तपासू. लेखाचा खरा मुद्दा या आक्षेपांत आहे, त्यामुळे तिथपर्यंत थांबा.

आधी "सूर" म्हणजे काय ते ठरवू

"या कथेचा सूर गंभीर आहे" असं आपण सहज म्हणतो. प्रबंधात मात्र हे वाक्य लिहिलं की पुढचा प्रश्न येतो : कशावरून? म्हणून सूर हा शब्द दिसू शकणाऱ्या गोष्टींत मोडून घ्यावा लागतो. मांगापुरतं मी त्याचे चार भाग करतो.

पहिला, रेषा : गोलसर की टोकदार, मोकळी की काळ्या शाईनं भरलेली. दुसरा, अंतर : भयंकर प्रसंग जवळून दाखवलाय, लांबून दाखवलाय, की चौकटीबाहेर ठेवलाय. तिसरा, मधला माणूस : तो प्रसंग आपण कोणाच्या डोळ्यांनी बघतोय. चौथा, हसू : कथेत विनोद आहे का, असला तर कुठे, आणि भयंकर प्रसंगाच्या किती जवळ.

या चार गोष्टी मिळून वाचकाला एका जागी बसवतात. कधी साक्षीदार म्हणून, कधी सोबती म्हणून, तर कधी आरोपीच्या पिंजऱ्यात. सूर म्हणजे वाचकाला दिलेली ही जागा, असं धरून आपण पुढे जाऊ.

न बोलण्याचा विषय

अणुबॉम्ब हा जपानमध्ये "निषिद्ध" विषय होता असं म्हटलं की अनेकांना नवल वाटतं. दर ६ ऑगस्टला तिथे शांततेची प्रार्थना होते, मग निषिद्ध कसा? पण बॉम्ब पडला हे सांगणं वेगळं आणि बॉम्बनं माणसाच्या शरीराचं काय केलं हे दाखवणं वेगळं.

६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली असावीत, असा हिरोशिमा शहराचा अंदाज आहे. सप्टेंबर १९४५ मध्ये अमेरिकी ताबा प्रशासनानं वृत्तपत्रांवर निर्बंध घातले. ताबा संपला १९५२ च्या एप्रिलमध्ये, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'आसाही ग्राफ' या सचित्र नियतकालिकानं बळींची छायाचित्रं छापली. देशभरातल्या असंख्य वाचकांनी ती दृश्यं तेव्हा पहिल्यांदा बघितली.

सरकारी बंधन उठलं, पण समाजाचं उठलं नाही. बॉम्बमधून वाचलेल्यांना जपानीत 'हिबाकुशा' म्हणतात. आजार लागेल, मुलं धड होणार नाहीत, अशा भीतीनं त्यांची लग्नं मोडत. भाजल्याचे वळ असलेल्या मुली लोकांत जायला कचरत. आपण हिरोशिमाचे आहोत हेच अनेकांनी लपवून ठेवलं. अशा विषयात वाचकाची अस्वस्थता केवळ जखम बघून येत नाही. "यांना आपण कसं वागवलं" ही जाणीवही त्या अस्वस्थतेत असते. पुढे हे लागणार आहे.

१९६८ : रागाचा सूर

नाकाझावा केइजी यांचा जन्म १९३९ चा, हिरोशिमातलाच. बॉम्ब पडला तेव्हा ते सहा वर्षांचे होते आणि शाळेच्या फाटकापाशी उभे होते. काँक्रीटच्या भिंतीच्या आडोशानं ते वाचले. वडील, मोठी बहीण आणि धाकटा भाऊ कोसळलेल्या घराखाली अडकून जळून गेले. आई गरोदर होती. त्याच दिवशी तिला मुलगी झाली आणि ती मुलगीही काही महिन्यांत गेली.

१९६१ मध्ये नाकाझावा चित्रकथाकार व्हायला टोकियोला आले. हिबाकुशा आहोत असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे तिथे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्याबद्दल बोलणंच सोडलं. कित्येक वर्षं ते इतरांसारख्याच करमणुकीच्या कथा काढत राहिले. १९६६ मध्ये आई वारली. दहनानंतर राखेत हाडं जवळजवळ उरलीच नव्हती. किरणोत्सारानं हाडंसुद्धा खाल्ली असं त्यांना वाटलं, आणि त्या संतापातून 'कुरोई आमे नि उतारेते' (काळ्या पावसाचा मार सोसताना) ही कथा लिहिली गेली.

मोठ्या प्रकाशकांनी ती नाकारली. शेवटी १९६८ मध्ये 'मांगा पंच' या प्रौढ पुरुषांसाठीच्या नियतकालिकात ती आली. कथेचा नायक हिबाकुशा आहे आणि पैसे घेऊन खून करणारा मारेकरी आहे. त्याच्या हातून मरतात ते अमेरिकी.

आपल्या चार कसोट्या लावून बघू. रेषा काळी आणि जड. 'गेकिगा' नावाची, मोठ्या वाचकांसाठीची कठोर चित्रकथा १९५७ पासून रुळत गेली होती, तिचाच हा बाज. हसू औषधालाही नाही. मधला माणूस म्हणजे सूडानं पेटलेला मारेकरी. वाचकाला जागा मिळते ती या मारेकऱ्याच्या शेजारी.

आता अस्वस्थता कुठे जाते ते बघा. वाचक दचकतो, पण गुन्हेगारी कथेच्या वाचकाला दचकण्याची सवय असते. कथेनं त्याच्या रागाला एक मोकळी वाट करून दिलेली आहे. शत्रू समोर दिसतो, गोळी सुटते, हिशेब चुकता होतो. विषय भयंकर असला तरी वाचकाचा स्वतःचा समाज फारसा अडचणीत येत नाही. शिवाय हे नियतकालिक मुलांच्या हाती पडणारं नव्हतं. निषिद्ध विषय निषिद्ध जागेतच मांडला गेला, म्हणून तो खपून गेला.

१९७३ : हसण्याचा सूर

पाच वर्षांनी तोच लेखक, तोच विषय, पण वाचक मात्र शाळकरी मुलं. 'शोनेन जंप' हे मुलांचं साप्ताहिक तेव्हा लाखांच्या घरात खपत होतं. नाकाझावांनी त्याच प्रकाशनात १९७२ मध्ये 'ओरे वा मिता' (मी पाहिलं) ही छोटी आत्मकथा काढली. ती वाचून संपादक नागानो तादासू यांनी मोठी मालिका करायला प्रोत्साहन दिलं. १९७३ मध्ये 'हादाशी नो गेन', म्हणजे 'अनवाणी गेन', सुरू झाली.

गेन हा नाकाझावांचाच बालावतार. डोळे मोठे, चेहरा गोल, अंगात सदैव मस्ती. पहिल्या खंडाचा बहुतेक भाग बॉम्बच्या आधीचा आहे. घरात खायला नाही. वडील युद्धाला उघड विरोध करतात म्हणून शेजारी त्यांना देशद्रोही ठरवतात. आणि या सगळ्यात गेन आणि त्याचा धाकटा भाऊ शिंजी दंगा करतात, गाणी म्हणतात, मार खातात, मारामाऱ्या करतात. गरोदर आईला काहीतरी पौष्टिक मिळावं म्हणून ते दुसऱ्याच्या तळ्यातला मासा चोरायला जातात. पैशांसाठी रस्त्यावर 'नानिवाबुशी' गातात. हा गायनाचा प्रकार आपल्या पोवाड्याच्या जवळचा म्हणता येईल : एक गायक, तारवाद्याची साथ आणि गाऊन सांगितलेली गोष्ट. दोन चिमुरडी पोरं मोठ्या कलावंताचा आव आणून ते गातात, तेव्हा वाचक हसतो.

आणि मग बॉम्ब पडतो. ज्या घरात आपण इतका वेळ हसत होतो तेच घर कोसळतं, आणि वडील, बहीण व शिंजी त्याखाली जिवंत अडकतात. आग जवळ येते. गेन आणि आई काही करू शकत नाहीत.

इथे संशोधकाच्या कामाचा एक बारकावा आहे. प्रत्यक्षात हा प्रसंग घडला तेव्हा सहा वर्षांचे नाकाझावा तिथे नव्हते. तो त्यांना आईकडून कळला होता. कथेत मात्र त्यांनी गेनला तिथे उभं केलं. म्हणजे "मधला माणूस" त्यांनी जाणूनबुजून निवडला. आईनं सांगितलेली हकीकत असती तर वाचक ऐकणारा झाला असता. गेन तिथे आहे म्हणून वाचक त्याच्या शेजारी उभा राहून ओढतोय, रडतोय.

आता हसण्याचं काम लक्षात येतं. विनोद हा भयंकर विषयावरचा साखरेचा थर आहे, त्यानं वाचकाला बरं वाटतं, असं आपण सहज धरून चालतो. इथे अगदी उलटं घडतं. हसू नसतं तर मेलेली तीन माणसं "बळी" राहिली असती. हसल्यामुळे ती ओळखीची झाली. विनोदानं अंतर कमी केलं आणि त्यामुळे अस्वस्थता वाढली. जपानमध्ये कित्येकांना लहानपणी वाचलेला गेन अजून अंगावर येतो, त्यात या ओळखीचा वाटा आहे असं मला वाटतं.

पण हसण्याचं दुसरंही काम आहे. पुढे सेइजी नावाचा तरुण चित्रकार येतो. त्याचं सगळं अंग भाजलंय, जखमांत अळ्या पडल्यात आणि घरचेच त्याच्याजवळ जात नाहीत. पैसे देऊन त्याची देखभाल करायला गेनला ठेवलं जातं. मघाशी म्हटलेली दुसरी अस्वस्थता ती हीच : आपल्याच लोकांनी आपल्याच माणसाला वाळीत टाकणं. प्रौढ, गंभीर निवेदक असता तर इथे दयेचं प्रवचन झालं असतं. गेन प्रवचन देत नाही. तो सेइजीवर चिडतो, त्याच्याशी भांडतो, म्हणजेच त्याला धडधाकट माणसासारखं वागवतो. त्या उद्धट सुरामुळे मुलं ही पानं वाचू शकली. हसू वाचकाला आधी जवळ आणतं आणि मग पान उलटण्याइतकं बळही देतं.

मुलाखतींमध्ये नाकाझावांनी सांगितलंय, की प्रत्यक्ष पाहिलं त्यापेक्षा त्यांनी बरंच सौम्य करून काढलं, कारण वाचकांना किळस यायला लागली होती. म्हणजे सुराची पट्टी कुठे लावायची याचा विचार ते पानापानावर करत होते.

एक विरोधी साक्षही नोंदवून ठेवू. गेनच्या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना लिहिणारे अमेरिकी चित्रकथाकार आर्ट स्पीगलमन यांनी म्हटलंय, की मोठे डोळे, उठसूट होणारी मारामारी हे मांगाचे संकेत पाश्चात्त्य वाचकाला आधी खटकू शकतात. जपानी मुलाला जो सूर घरचा होता तोच बाहेरच्या वाचकाला विषयाशी विसंगत वाटला. म्हणून "अमुक सुरानं अस्वस्थता वाढते" असं वाक्य लिहाल तेव्हा "कोणत्या वाचकाची" हे जोडायला विसरू नका.

२००३ : हळू आवाजाचा सूर

कोउनो फुमियो यांचा जन्म १९६८ चा. त्याही हिरोशिमाच्या, पण हिबाकुशा नाहीत आणि हिबाकुशांच्या घरातल्याही नाहीत. हा विषय आपण टाळतच आलो होतो, असं त्यांनी पुस्तकाच्या शेवटच्या टिपणात लिहिलंय. संपादकानं सुचवलं म्हणून त्यांनी हात घातला. 'युनागी नो माची' (संध्याकाळच्या निवांत वाऱ्याचं गाव) ही छोटी कथा २००३ मध्ये 'मांगा ॲक्शन'मध्ये आली. पुढचा भाग 'साकुरा नो कुनि' धरून २००४ मध्ये पुस्तक झालं, आणि २००५ मध्ये त्याला तेझुका ओसामु सांस्कृतिक पुरस्कारांपैकी एक मिळाला.

कथा १९५५ ची आहे. मिनामी नावाची तरुणी आईबरोबर नदीकाठच्या झोपड्यांच्या वस्तीत राहते, कार्यालयात काम करते. झिजू नयेत म्हणून चपला काढून अनवाणी चालते. बरोबर काम करणारा एक मुलगा तिला आवडतो. पण जवळीक होऊ लागली की आपण जगलोच का, हा प्रश्न तिच्या आत उठतो. सार्वजनिक न्हाणीघरात बायका आंघोळ करतायत, अंगांवर वळ आहेत आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. निषिद्ध विषय म्हणजे काय, हे त्या एका दृश्यात कळतं.

रेषा गोलसर, मऊ. छटा हातानं ओढलेल्या बारीक रेघांच्या. बॉम्बचा दिवस आठवणींच्या तुकड्यांतच येतो, भयंकर दृश्यं अगदी थोडक्या चौकटींत. आवाज कुठेच चढत नाही. शेवटी मिनामी आजारी पडते, तिची दृष्टी जाते आणि चौकटी रिकाम्या होतात. कोऱ्या जागेत फक्त तिचे विचार उरतात. त्यात ती बॉम्ब टाकणाऱ्यांना उद्देशून विचारते, की दहा वर्षांनी आणखी एक माणूस मारता आला याचा त्यांना आनंद झाला का.

नाकाझावांच्या मारेकऱ्याच्या मनातलाच हा राग आहे. मजकूर जवळपास तोच, पण इतक्या शांतपणे आल्यामुळे त्याला वाट मिळत नाही. गोळी सुटत नाही, हिशेब चुकता होत नाही. शिवाय रिकाम्या चौकटीत काय दिसत असेल ते वाचकाला स्वतःच भरावं लागतं. ही अस्वस्थता पुस्तक मिटल्यावर सुरू होते.

दुसऱ्या भागात पुढची पिढी आहे. तिथेही लग्नाच्या वेळी "ते हिबाकुशांच्या घरातले आहेत" हे आडवं येतंच. बॉम्ब टाकणारा दूर राहतो आणि आजचा जपानी वाचक जवळ येतो. गोड चित्रांची ही कथा १९६८ च्या रक्तबंबाळ कथेपेक्षा आपल्याच समाजाला जास्त अडचणीचे प्रश्न विचारते.

मोठ्यांना नेमकं काय खुपलं?

इथवर सगळं सरळ वाटतं : विषय एक, सूर तीन, अस्वस्थतेचे तीन प्रकार. आता गाडी अडते ते ठिकाण बघू.

'अनवाणी गेन' दहा खंडांची आहे, पण ती एकाच जागी छापली गेली नाही. 'शोनेन जंप'मधला भाग १९७४ मध्ये संपला. तो पुस्तकाचे पहिले चार खंड. त्यानंतर मालिका नागरिक चळवळीच्या एका मासिकात, मग साम्यवादी पक्षाशी जोडलेल्या एका सांस्कृतिक मासिकात, आणि १९८० च्या दशकात शिक्षक संघटनेच्या मासिकात गेली. वाचक बदलले आणि सूरही बदलला. दहाव्या खंडात शाळा संपवणारा गेन निरोप समारंभात राष्ट्रगीत गायला विरोध करतो, सम्राटाच्या युद्धातल्या जबाबदारीबद्दल बोलतो, आणि त्याच्या बोलण्याबरोबर आशियात जपानी सैनिकांनी केलेल्या अत्याचारांची चित्रं येतात.

पुन्हा चार कसोट्या. या चित्रांत मेलेल्यांना नाव नाही. त्यांच्याबरोबर आपण कधी हसलो नाही. गेन तिथे हजर नव्हता, तो सांगतोय. म्हणजे सोबत्याचा सूर जाऊन भाषणाचा सूर आला. वाचकाची जागाही बदलली : पहिल्या खंडात तो गेनच्या बाजूला होता, इथे तो समोर बसलाय, आणि गेनचं बोट त्याच्या आजोबांच्या पिढीकडे आहे.

२०१२ मध्ये मात्सुए शहरात एक अर्ज आला : या मालिकेतून चुकीचा इतिहास शिकवला जातो, ती शाळांच्या ग्रंथालयांतून काढा. नगर परिषदेनं अर्ज फेटाळला. तरीही शहराच्या शिक्षण मंडळाच्या कार्यालयानं त्याच डिसेंबरमध्ये शाळांना सांगितलं, की पुस्तकं कपाटात बंद ठेवा, मुलांना खुली नकोत. कारण दिलं ते असं, की काही चित्रण, विशेषतः सैनिकांच्या अत्याचारांचं, मुलांसाठी अतिरेकी आहे. नाकाझावा त्याच महिन्यात, १९ डिसेंबरला वारले. ऑगस्ट २०१३ मध्ये ही बातमी देशभर पसरली, गदारोळ झाला आणि महिनाअखेरीस मंडळानं सूचना मागे घेतली. मागे घेताना कारण सांगितलं ते कार्यपद्धतीतल्या त्रुटीचं.

अर्जाची भाषा आणि आदेशाची भाषा शेजारी ठेवून वाचा. अर्जाचा आक्षेप विषयाला होता : हा इतिहासच चूक. आदेशाचा आक्षेप सुराला होता : चित्रण फार उग्र.

आता सुराचा आक्षेप खरा होता का, हे तपासता येतं. उग्र चित्रण हेच कारण असेल तर पहिल्या चार खंडांतली जळणारी माणसं, अळ्या पडलेल्या जखमा, गळणारी कातडी यांवर आधी आक्षेप यायला हवा होता. ते खंड कित्येक दशकं जपानी शाळांच्या ग्रंथालयांत होते. मांगाला जिथे सहसा जागा नव्हती तिथे गेनला होती. मग केवळ उग्रपणा हे कारण पुरत नाही. माझं वाचन असं : दहाव्या खंडात विषयही बदलला होता (आपण बळी नव्हतो, अत्याचारी होतो) आणि हसणाऱ्या सोबत्याचा सूरही सुटला होता. यांतल्या विषयाबद्दल उघड बोलणं अधिकाऱ्यांना जड होतं. सुराबद्दल बोलणं सोपं होतं.

दुसरं उदाहरण खुद्द हिरोशिमाचं. तिथे महापालिकेच्या शाळांमध्ये शांतता शिक्षणाची एक पुस्तिका आहे. तिसरीच्या भागात 'अनवाणी गेन'मधली काही दृश्यं होती. २०२३ च्या नव्या शैक्षणिक वर्षापासून ती काढली जाणार, हे त्या वर्षी फेब्रुवारीत जाहीर झालं. चर्चा झाली ती कोणत्या दृश्यांची? रस्त्यावर नानिवाबुशी गाणारी पोरं, आणि आईसाठी मासा चोरणारी पोरं. आजच्या मुलांना हे गाणं माहीत नाही, चोरीचा प्रसंग चुकीचा संदेश देईल, आणि तासाच्या मर्यादित वेळात संदर्भ समजावणं कठीण, असा विचार त्यामागे होता.

म्हणजे मात्सुएत अडलं ते भाषणाच्या उग्र चित्रणापाशी, आणि हिरोशिमात अडलं ते नेमकं त्या हसऱ्या पानांपाशी, ज्यांनी शिंजीला आपल्या ओळखीचं केलं होतं. वर्गाच्या बाजूनं विचार केला तर हिरोशिमाची अडचण खरीही आहे. पुस्तिकेत मालिकेतले मोजके तुकडे असतात. मासा चोरण्याचं दृश्य एकटं वाचलं तर ते चोरीचं दृश्य आहे. पुढे त्या घराचं काय होणार हे ठाऊक असेल तरच ते दुसरं काही होतं. तुकडा कापला की विषय हाती राहतो आणि सूर मागे राहतो.

तुमच्या कामात याचा उपयोग

पहिली गोष्ट नमुन्याची. सुराचा अभ्यास करायचा असेल तर एकटी चौकट किंवा एकटं पान उचलून "यात हिंसा आहे, होय की नाही" अशी नोंद करून भागणार नाही. त्या पानाआधी वाचक काय करत होता, हसत होता की घाबरत होता, हे नोंदलं पाहिजे. नोंदीचं एकक पान नव्हे, निदान एक पूर्ण प्रकरण हवं.

दुसरी, जागेची. कथा कुठे छापली गेली आणि कोणासाठी, ही माहिती तळटीपेत ढकलू नका. एकाच मालिकेचा सूर नियतकालिकाबरोबर कसा सरकला, ते आपण पाहिलं. पुस्तकरूपात दहा खंड एकसारखे दिसतात, पण त्यांचा जन्म एकसारखा नाही.

तिसरी, मर्यादेची. सुरुवातीला मी म्हटलं की विषय स्थिर ठेवू आणि सूर बदलू. प्रत्यक्षात सुराबरोबर काळ, वाचकाचं वय, प्रकाशक आणि लेखकाचा स्वतःचा अनुभव हेही बदलले. १९६८ चा वाचक युद्ध पाहिलेला असू शकतो, २००३ चा बहुधा नाही. त्यामुळे "शांत सूर जास्त अस्वस्थ करतो" असा नियम या तीन कथांवरून काढता येत नाही. काढता येतं ते इतकंच : विषय तोच असूनही अस्वस्थतेची दिशा बदलली, म्हणून एकट्या विषयावरून ती समजणार नाही. निष्कर्ष लहान असला तरी तो तोलून धरता येतो. परीक्षकासमोर असाच निष्कर्ष टिकतो.

चौथी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. "विषय चांगला आहे हो, पण मांडणी जरा उग्र आहे" हे वाक्य तुम्हाला पुस्तकांवरच्या वादांत, जुन्या कागदपत्रांत, समित्यांच्या इतिवृत्तांत वारंवार भेटेल. ते खरं असू शकतं. मांडणी खरोखर बेसूर असू शकते आणि त्यावर बोलायलाच हवं. पण दर वेळी मात्सुएची कसोटी लावून बघा : याहून उग्र मांडणी याच लोकांनी आधी मुकाट्यानं चालवून घेतली होती का? घेतली असेल तर आक्षेप सुराला नाही. मग त्या दोन मांडण्यांत विषयाच्या अंगानं काय वेगळं होतं, ते शोधायला लागा. तुमच्या प्रबंधाचा प्रश्न कदाचित तिथेच सापडेल.